न्हाऊ घालणारी

बेळगावजवळच्या येळ्ळुरातला पन्नाशीच्या आतला कुणीही माणूस धरा. त्याचं नाक सरळ असेल, डोकं मागून चपटं नसेल, तर ते जयाबाईचं काम समजावं. सासूच्या हाताखाली ती शिकली, आणि सासू गेल्यावर गावातली बाळं न्हाऊ घालायचं काम आपसूक तिच्याकडे आलं. सव्वा महिना रोज सकाळी जायचं. न्हाणीत पाटावर बसून पाय लांब करायचे, पोटऱ्यांच्या खाचेत बाळ पालथं घालायचं, कोमट तेल जिरवायचं, डाळीच्या पिठात साय कालवून अंग चोळायचं, मग तांब्यानं पाणी. सगळ्यात शेवटी बाळाचे दोन्ही घोटे एका मुठीत धरून, दुसरा हात मानेखाली ठेवून, क्षणभर त्याला उलटं उचलायचं. त्यानं अंग मोकळं होतं, असं सासू सांगायची. बाळाची नवखी मावशी-आत्या ते बघून किंचाळायची, आणि बाळ रडायचं थांबून डोळे मोठे करून बघायला लागलं की हसायची.

जयाबाईचं माहेर निपाणीचं. आई विड्या वळायची, आणि शाळेतून आलेली पोर आईशेजारी बसून सुपातली पानं कापायची, तंबाखू भरायची, दोरा बांधायची. पान फाटू न देता घट्ट वळायचं कसं, हे त्या बोटांना सातव्या वर्षीच कळलं होतं. सासूनं लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या हातात भावकीतलं बाळ दिलं तेव्हा म्हणाली, "निपाणीची बोटं हैत. पोराला दुखायचं न्हाय."

तिला स्वतःला दोन झाली. दोन्ही बारशाआधी गेली. एक नवव्या दिवशी, एक अकराव्या. नवरा शामू भला माणूस, त्यानं त्यावरून कधी शब्द काढला नाही. पण गावातल्या दोघीतिघी कुजबुजल्याच, की जिची राहिली नाहीत तिनं दुसऱ्याच्या पोराला हात लावू नये. ते कानावर आलं तसं सासूनं पाणवठ्यावर, सगळ्या बायकांदेखत सांगितलं, "माझ्या सुनंच्या हातातलं पोर सटवाईबी सुखानं बघत बसती. ज्यांना नगं असंल त्यांनी आपापली पोरं आपापल्या नवऱ्याकडनं न्हाऊ घालून घ्यावीत." बायका हसल्या. तो विषय तिथं मिटला आणि पुढची पन्नास वर्षं मिटलेलाच राहिला.

अलीकडं बोलावणी कमी झाली होती. बाळंतपणं बेळगावच्या दवाखान्यांत, डॉक्टर मालिश नको म्हणतात, सुना फोनवर बघून बघून स्वतःच शिकतात. शामूला जाऊन बरीच वर्षं झाली होती, जयाबाईचीही एकाहत्तरी उलटली होती. गुडघे वाजत होते. ती म्हणायची, आता एकच न्हाऊ घालायचं आणि पाट उलटा करून ठेवायचा.

ते एक म्हणजे दिपालीचं. भिंतीला भिंत लागून मनुबाईचं घर. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आल्या, एकाच विहिरीचं पाणी ओढलं, एकमेकींच्या चुलीतला विस्तव नेला. मनुबाईचा रविराज जयाबाईनं न्हाऊ घातला, रविराजची दिपाली न्हाऊ घातली. दिपाली आता बेळगावात बँकेत नोकरीला, नवराही तिथलाच, आणि सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी आलेली. मनुबाई रोज सांगायची, "जया, गुडघ्याला तेल लाव गं. पणतवंडाला न्हाऊ घालायचं हाय तुला. तिसरी पिढी. असलं भाग्य कुणाला असतंय?"

जयाबाई रोज तेल लावत होती.

त्याच्या आदल्या वर्षी निशांत गावात आला होता. त्याची आई विद्युल्लताबाई येळ्ळूरच्या मराठी शाळेत शिकवायची, तेव्हा ती इथंच दोन खोल्या घेऊन राहायची. निशांतही जयाबाईच्याच हातचा. मोठा झाल्यावर पुण्याला जाऊन सिनेमाचं शिकून आला होता आणि आता आपल्या भागात सिनेमा काढणार होता. गावालगतच्या गडावर, शेतात, गावाच्या गल्लीत. पंचायतीपुढं सगळ्यांना जमवून तो म्हणाला, बेळगावच्या मातीतला मराठी थ्रिलर, आजवर कुणी केलेला नाही. त्यातला 'बेळगावच्या मातीतला' आणि 'मराठी' एवढंच सगळ्यांनी ऐकलं. रवळू आण्णांचे तर डोळे भरून आले. साठ वर्षं ज्यांनी सीमालढ्याच्या मोर्च्यात पुढं चालून काठ्या खाल्ल्या त्यांना वाटलं, चला, आता पडद्यावर तरी गावाचं नाव मराठीत लागेल. त्यांनी सिनेमावाल्यांना राहायला मळ्यातलं घर दिलं. बायकांनी पाळीपाळीनं भाकऱ्या थापल्या.

निशांत जयाबाईच्या पाया पडायला आला. बरोबर भैरवी नावाची, बेळगावच्या शहापुरातली पोरगी होती, केस कापलेली, हातात वही. ती म्हणे सिनेमाची गोष्ट लिहीत होती.

"आज्जी, सिनेमात तुमचं काम आहे," निशांत म्हणाला.

"माझं? मला काय येतंय रं? तोंड रंगवून नाचू काय?"

"काही करायचं नाही. रोज करता तेच. बाळ न्हाऊ घालायचं."

"थ्रिलर म्हंजे काय असतंय?"

"म्हणजे खून कुणी केला ते शेवटपर्यंत कळत नाही."

"खून हाय व्हय? मग त्यात न्हाऊ घालणारी कशाला?"

निशांतनं भैरवीकडं बघितलं. भैरवी म्हणाली, "गावाचं जगणं दाखवायचंय ना, आज्जी. तुम्ही म्हणजे अख्ख्या गावाची आज्जी."

जयाबाईला बरं वाटलं. निपाणीच्या जत्रेतल्या तंबूत ती लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून सिनेमे बघायची. लग्नानंतर शामूबरोबर सायकलच्या दांडीवर बसून बेळगावच्या कॅम्पात जायची. रहस्याचे सिनेमे शामूला फार आवडायचे. त्यांत एक बाई हमखास असायची, चमचमता झगा घातलेली, सिगरेट ओढणारी, खलनायकाच्या अड्ड्यावर गाणं म्हणणारी. शेवटी ती मरायची. कधी नायकावर झाडलेली गोळी अंगावर घेऊन, कधी कड्यावरून पडून. साडीवाली नायकाबरोबर घरी जायची. ते सगळं जयाबाईनं टाळ्या वाजवून बघितलं होतं. त्या वर्षांत गावच्या सरकारी दवाखान्यात गोव्याकडची एक नर्स आली होती. बिनबाह्यांचा पोलका घालायची, डोळ्याला काळा गॉगल, सायकलवरून फिरायची. कामात पक्की. पण बायकांनी तिचं नाव त्या झगेवालीवरून ठेवलं, आणि तिच्याकडून सुई टोचून घ्यायला नवऱ्यांना पाठवेनात. वर्षाच्या आत नर्स बदली मागून गेली. नाव ठेवणाऱ्यांत जयाबाई होती. खरं सांगायचं तर नाव पहिल्यांदा तिच्याच तोंडून निघालं होतं. त्यावर मनुबाई पोट धरून हसली होती.

दुपारी भैरवी एकटीच यायची, चहा प्यायची, विचारायची. तेल कुठलं, पाणी किती गरम, बाळाला दृष्ट लागली तर काय करता. पोरीला ऐकायची हौस होती, आणि जयाबाईचं कुणी इतकं ऐकून बरीच वर्षं झाली होती. एका दुपारी तिनं आपल्या त्या दोघांचंही सांगितलं. नववा दिवस, अकरावा दिवस. शामूनं फडक्यात गुंडाळून ओढ्याकाठी नेलं ते. भैरवीच्या डोळ्यांत पाणी आलं. जयाबाईला वाटलं, पोरगी मायाळू आहे. तशी ती होतीही. म्हणून तर तिनं सगळं नीट लक्षात ठेवलं.

शूटिंग मळ्यातल्या घराच्या न्हाणीत झालं. बाळ रबराचं होतं. त्याला टाळूच नव्हती, डोकं नारळासारखं कडक. जयाबाईला गडद साडी नेसवली, केस सोडले, कपाळावरची काळी टिकली काढली.

"केस मोकळे सोडून कुणी न्हाऊ घालतंय काय? पोराच्या तोंडात जातील की."

"बाहुली आहे आज्जी."

तिनं पाय लांब केले आणि हात चालायला लागले. रबर असो नाहीतर हाडामासाचं, हातांना एकच ठाऊक. तोंडानं आपोआप सुरू झालं, "कोण गं माझं सोन्याचं, कोण गं माझं रुप्याचं..."

"आज्जी, बोलू नका. आणि हसू नका."

"न हसून कसं चालंल? पोर रडतंय की."

सगळे हसले. तीही हसली. मग परत लाल दिवा, परत पाणी, परत न हसता. शेवटी निशांत म्हणाला, ते उलटं उचलता ना, ते करा. सावकाश. तिनं बाहुलीचे घोटे धरले, दुसरा हात मानेखाली घातला आणि उचललं.

"आज्जी, तो खालचा हात काढा. मधे येतोय."

"त्यो कसा काढायचा? मान मोडंल की."

"बाहुली आहे, आज्जी."

ती क्षणभर थांबली. एवढ्या वर्षांत तो हात तिनं कधी काढला नव्हता. पण सगळे ताटकळले होते, दिव्याच्या उष्म्यानं पोरांना घाम फुटला होता, आणि निशांत आपलाच. तिनं हात काढला. "असंच धरा. अजून थोडं. अजून." तिचं मनगट भरून आलं तोवर बाहुली उलटी लोंबकळत राहिली.

सिनेमाचं नाव 'पाचवीची रात्र'. तो पुरा व्हायला वर्ष लागलं. दिपालीला आठवा लागला तेव्हा एका रविवारी दुपारी बेळगावात पहिला खेळ होता. गावातून दोन टेम्पो भरून माणसं गेली. जयाबाईला मधल्या रांगेत मानाची जागा, एका बाजूला मनुबाई, पलीकडं दिपाली. पडद्यावर गड दिसला, टाळ्या. देवनागरीत गावाचं नाव दिसलं तेव्हा रवळू आण्णा उठून उभे राहिले आणि त्यांच्यामागं सगळं थिएटर उभं राहिलं.

मग गोष्ट सुरू झाली. गावात तान्ही बाळं पाचवीच्या रात्री मरत असतात. पुण्याहून कातड्याचं जाकीट घातलेला इन्स्पेक्टर येतो. पहिला संशय एका सुनेवर. ती पँट घालते, नोकरीवरून उशिरा येते, फोनवर हळू आवाजात बोलते. अर्ध्या सिनेमापर्यंत सगळ्यांनी तिला दोषी धरलं, आणि अर्ध्यावर ती विहिरीत सापडली. मनुबाईच्या मागं बसलेलं कुणीतरी म्हणालं, "बरं झालं, लई मिजास होती." इन्स्पेक्टरची बायको तेवढी चहा आणायची आणि दार धरून उभी राहायची.

मधल्या सुट्टीनंतर जयाबाईला पडद्यावर आपले हात दिसले. तेलानं माखलेले, दिव्यानं लाल झालेले, पडद्याएवढे. मागं एक घरघरणारा आवाज लावला होता, जनावराच्या घशातून यावा तसा. हात बाळाच्या पाठीवरून फिरत होते. जयाबाईला ती चाल ओळखू येत होती, मणक्याच्या दोन बाजूंनी अंगठे, वरून खाली. तिनंच ते केलं होतं. तरी तिच्या अंगावर काटा आला. मग ते उलटं उचलणं. खालचा हात नव्हता. बाहुलीऐवजी मधेच खऱ्या बाळाचा चेहरा दाखवला, मग परत हात, मग काळोख, आणि एक आई किंचाळली.

इन्स्पेक्टरनं सगळ्या गावाला जमवून उलगडा केला. या बाईची दोन बाळं गेली होती, एक नवव्या दिवशी, एक अकराव्या. तेव्हापासून तिला दुसऱ्याची बघवत नाहीत. मग तो कॅमेऱ्याकडं वळून म्हणाला, "जिची कूस रिकामी राहते ना, तिच्या हातात आपलं लेकरू कधी देऊ नये."

शिट्ट्या आणि टाळ्या. त्या टाळ्या वाजवणारे निम्मे हात जयाबाईनं चोळलेले होते.

"सिनेमा हाय गं," मनुबाई तिचा हात दाबून म्हणाली. पलीकडं दिपाली पोटावर हात ठेवून उठली आणि बाहेर गेली. मनुबाईनं चष्मा पुसायला हात सोडवून घेतला. परत धरला नाही.

गावात परतल्यावर जो तो कौतुक करायचा. "जयाबाई, लई भारी काम केलासा! थरकाप उडाला बघा." म्हणताना मांडीवरचं पोर दुसऱ्या मांडीवर घ्यायचे. तिचे ते मोकळ्या केसांचे फोटो फोनवर फिरत होते. एका घरातून तिनं ऐकलं, "झोप बघू, न्हाईतर जयाबाई येईल." गल्लीतली लहान पोरं तिला बघितलं की आधी पळायची आणि मग लांब उभी राहून उलटं लोंबकळायची नक्कल करायची. यातलं एकही माणूस वाईट नव्हतं. म्हणूनच कुणाशी भांडता येत नव्हतं.

ती रवळू आण्णांकडं गेली. "आण्णा, बाकी काय बी असू दे. त्यो एक शब्द तेवढा काढा म्हणावं. रिकाम्या कुशीचा."

आण्णांनी तिला बसायला सांगितलं. मग म्हणाले, "जयाबाई, आपल्या भागातला मराठी सिनेमा हाय. आधीच त्येला तिकडं म्हाराष्ट्रात कोण थेटर देत न्हाय, हिकडंबी देत न्हाय. आपणच नावं ठिवायला लागलो तर लोक हसतील न्हवं?"

"एक नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत मीबी काळी साडी नेसून चालते की आण्णा. पाय सुजस्तवर चालते."

"त्यो विषय येगळा."

"मला एकच वाटतोय. तिथंबी आपलं ऐकून घ्या म्हणूनच चालायचं, न्हाय?"

आण्णांनी चहा मागवला. चहा पिऊन ती उठली.

पंधरा दिवसांनी निशांत आणि भैरवी आले. मिठाई म्हणून कुंदा घेऊन. पुण्यात सिनेमाला बक्षीस मिळालं होतं, आणि परीक्षकांनी जयाबाईचं नाव काढलं होतं म्हणे.

"आज्जी, लोक घाबरले ना, तेच तुमचं यश. काय काम केलंय तुम्ही!"

"मी काम कुठं केलं?" जयाबाई म्हणाली. "मी न्हाऊ घातलं."

निशांत हसला, पण ती हसत नाही हे बघून थांबला. "हे बघा आज्जी, थ्रिलरचा नियमच असतो. ज्याच्यावर कुणाचा संशय नाही, तोच शेवटी खुनी निघायला पाहिजे."

"इन्स्पेक्टरवर कुणाचा संशय होता?"

"तो हिरो आहे."

"बरं. त्या सरपंचावर? डॉक्टरवर? रात्रीचे फिरणारे एवढे बाप्ये दाखवलास, त्यातला एकबी सापडला न्हाय तुला. तुझ्या सिनेमात बाया चारच. एक मेली, एक रडली, एक चहा घेऊन उभी राहिली, आनि एकीनं खून केले. मग न्हाऊ घालणारीला पोरं पाहिजे होती म्हणून मारली, ह्ये तरी कसं? पोराची भुकेली बाई पोर मारती व्हय रं? तुला सांगितलं कुणी?"

"तसं प्रेक्षकाला पटकन पटतं, आज्जी."

"मग तुझी आई का न्हाय घेतलीस? तीबी एकटी राहत होती हितं. दोन खोल्यांत. तिच्यावरबी लोक काय काय बोलत होते. तुला ठावं न्हाय, तू माझ्या पायावर होतास."

निशांतचा चेहरा उतरला. तो फोन आल्याचं निमित्त करून बाहेर गेला. भैरवी खाली बघत बसली होती.

"मी आधी वेगळं लिहिलेलं, आज्जी," ती म्हणाली. "माझ्या गोष्टीत तुम्हीच खुनी ओळखता. बाळाच्या अंगावरची खूण तुम्हालाच कळते, डॉक्टरला नाही कळत. पण पैसे घालणारे म्हणाले, म्हातारी गुन्हा शोधते, हे कोण बघणार?"

"आनि माझी दोन पोरं? तीबी पैसेवाल्यांनीच घाल म्हणून सांगितलं?"

भैरवीनं मान हलवली. "ते मी घातलं. सीन उभा राहत नव्हता."

जयाबाईनं कुंद्याचं खोकं तिच्या हातात परत दिलं. "घरी जाऊन खावा," म्हणाली. रागावलीही नाही. त्या पोरीला काय बोलणार? तिनंही कधीतरी असले सिनेमे बघून टाळ्याच वाजवल्या असणार.

दिपालीला मुलगी झाली. पोट फाडून बाळंतपण, पाचव्या दिवशी घरी आणली. भिंतीपलीकडं रडणं ऐकू आलं तेव्हा जयाबाईला कळलं, पोर भुकेली नाही, पोटात वारा धरलाय. तिनं पाट धुवून वाळत घातला आणि बसून राहिली. त्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडं आवाज चढले. मधली भिंत छपरापर्यंत गेलेली नव्हती, ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू यायचं.

"आई, डॉक्टरांनी मालिश नको म्हटलंय," रविराज म्हणत होता.

"डॉक्टरनी म्हटलं का तुझ्या पोटातलं बोलूलास? तुला कुणी न्हाऊ घातलं रं? मुडद्या, ह्या घरातल्या दोन पिढ्या न्हाऊ घातल्या तिनं, सव्वा-सव्वा महिना."

"मी कुठं काय म्हटलं? लोक बोलतात. दिपीच्या सासरचे काय म्हणतील? त्यांनी सिनेमा बघितलाय."

"त्येंची अक्कल चुलीत गेली म्हणून तुझीबी जाऊ दे व्हय?"

मग दिपालीचा थकलेला आवाज. "येऊ दे आज्जीला. मी बसते तिथं."

जयाबाईनं ते ऐकलं. *मी बसते तिथं.* बाळंतीण कधी न्हाणीत बसत नाही. बाळाला न्हाऊ घालताना ती आत पडून असते, तेवढीच तिला झोप मिळते. पण सकाळी मनुबाई बोलवायला आली तेव्हा जयाबाई पाट घेऊन निघाली. तिसरी पिढी. गुडघ्यांना तेल लावून लावून ठेवलेलं.

न्हाणीच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर दिपाली बसली होती, टाके सांभाळत. तिच्यामागं मनुबाई. त्यांच्यामागं, हातातल्या फोनकडं बघत असल्यासारखा, रविराज. बाप्या माणूस न्हाणीच्या दारात. पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं.

जयाबाईनं पाय लांब केले. बाळ पालथं घेतलं. काय ते अंग, लोण्यासारखं, खांद्यावर बारीक लव. अंगठे मणक्याच्या दोन बाजूंना ठेवले आणि तिला वरून आपले हात दिसले. तेलकट, सुरकुतलेले, मोठे. तिनं कधी हातांकडं बघून काम केलं नव्हतं, ती बाळाच्या तोंडाकडं बघायची. आता ती हात बघत होती, आणि दारातले तिघंही हातच बघत होते. "कोण गं माझं सोन्याचं" म्हणायला तोंड उघडलं, पण हे आता लाडाचं वाटेल की दुसरंच काही, कळेना. तिनं तोंड मिटलं. तिनं हलक्या हातानं तेल फिरवलं, इतक्या हलक्या की त्याचा काही उपयोग नव्हता. नाक ओढलं नाही. डोकं दाबलं नाही. पाणी घालताना तिचं लक्ष दाराकडं गेलं आणि तांब्याची धार बाळाच्या तोंडावर आली. पोर ठसकली. दिपाली खुर्चीतून अर्धी उठली.

"काय न्हाय, काय न्हाय," जयाबाई म्हणाली. तिचाच आवाज तिला परका वाटला.

शेवटी बाळ न्हाऊन झालं आणि सगळे जण एका गोष्टीची वाट बघत थांबले. रविराजनं फोन खाली घेतला. जयाबाईचा हात घोट्यांकडं गेला आणि परत आला. तिनं बाळ आडवंच उचललं, पंच्यात गुंडाळलं. पोर रडतच होती. जयाबाईच्या पायावरून रडत उठलेलं हे पहिलं बाळ.

दिपालीनं ते लगेच ओढून घेतलं. आत नेता नेता पंचा बाजूला करून मान बघितली, दंड बघितले, पाठ बघितली. मंडईत वांगी उलटीपालटी करतात तसं. मग मागं वळून म्हणाली, "थँक्यू हं, आज्जी." दिपालीनं तिला आजवर थँक्यू म्हटलं नव्हतं. घरच्या माणसाला कोण म्हणतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मनुबाई दारात आली. "जया, पाणी तापलंय गं."

जयाबाई चुलीपुढं बसली होती. ती म्हणाली, "मनू, आज हात लई दुखूल्यात. मनगट वर होत न्हाय."

मनुबाईला ती उभ्या जन्मात खोटं बोलली नव्हती. हे खोटं मनुबाईला कळलंही. कळल्याचं तिच्या डोळ्यांत दिसलं, आणि त्याच्या पाठोपाठ आणखी काहीतरी दिसलं, जे तिनं पदर सावरायचं निमित्त करून लपवलं. सुटका झाल्यासारखं.

"बरं बाई, इस्वाटा घे मग," मनुबाई म्हणाली आणि वळली.

आपल्याकडं ताटात भाकरी वाढतानासुद्धा तीनदा आग्रह करतात. पहिला नकार धरतच नाहीत. दाराशी आलेल्या परक्या माणसालासुद्धा चहा घे म्हणून तीनदा सांगतात. मनुबाईनं एकदाच विचारलं.